जुन्या कादंबऱ्या पुन्हा वाचून निवडताना या चुका टाळा

कपाट भरले की कोणत्या कादंबऱ्या ठेवायच्या आणि कोणत्या काढायच्या, हे ठरवण्याची वेळ येते. त्या पुन्हा वाचून पाहणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. मात्र या वाचनातून दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे हवी असतात. ही कादंबरी आपल्याला यापुढेही हवी आहे का, हा एक, आणि आपल्याकडची प्रत त्या कामाची आहे का, हा दुसरा. हे प्रश्न एकमेकांत मिसळले की चांगली कादंबरी फाटक्या पुठ्ठ्यापायी रद्दीत जाते आणि सुबक बांधणीची सामान्य कादंबरी वर्षानुवर्षे जागा अडवून बसते.

पहिल्या पन्नास पानांवरून निकाल देणे

ही चूक सर्रास होते. दुसऱ्या वाचनात सुरुवातीची पाने हमखास संथ वाटतात, कारण पात्रांची ओळख, घरादाराचे वर्णन, नातेसंबंधांची मांडणी हे सारे आपल्याला आधीच ठाऊक असते. याउलट, पूर्वी खुणा केलेली आवडती पाने तेवढी उघडली, तर ती वाक्ये चांगली होती एवढेच कळते. कादंबरीविषयी काहीच कळत नाही. त्यापेक्षा मध्यानंतरचे एखादे असे प्रकरण निवडावे, की ज्यात मोठी घटना घडत नाही, दोन दुय्यम पात्रे नुसती बोलत बसली आहेत किंवा कोणी प्रवासाला निघाले आहे. तिथेही लेखकाची भाषा आपल्याला पुढे नेत असेल, तर ती कादंबरी सुरुवातीपासून सावकाश वाचायला घ्यावी.

रहस्यकथेची कसोटी वेगळी आहे. गुन्हेगार कोण हे माहीत आहे म्हणून ती लगेच बाजूला काढू नये. दुसऱ्या प्रकरणात एखादे पात्र बोलता बोलता उठून खिडकी लावून घेते. पहिल्या वाचनात ते केवळ वर्णन वाटते, शेवट ठाऊक असताना तोच पुरावा ठरतो. अशा जागा सापडत गेल्या, तर कादंबरी दुसऱ्यांदा वेगळीच वाचली जाते. माहिती नुसतीच दडवून ठेवली असेल, तर मात्र तिचे काम पहिल्या वाचनातच संपलेले असते.

वाचण्यातली अडचण कादंबरीच्या माथी मारणे

जुन्या कादंबऱ्यांपैकी बऱ्याच नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’मधून त्यांच्या अनेक कादंबऱ्या वाचकांपुढे अशाच आल्या. हप्त्यांच्या लेखनात मागचे सूत्र पुन्हा सांगावे लागते आणि प्रकरणाच्या शेवटी उत्सुकता ताणून धरावी लागते. असे लेखन एका बैठकीत शंभर पाने वाचले, तर पाल्हाळ वाटणारच. रोज एखाददुसरे प्रकरण वाचावे; तरीही कंटाळा आला, तर तो खरा मानावा.

दुसरा अडथळा लेखनपद्धतीचा असतो. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधीच्या छपाईत ‘घरांत’, ‘कांहीं’ अशी रूपे पानोपानी दिसतात आणि डोळा सारखा अडखळतो. वीसेक पानांनंतर ही सवय होते, तेवढा धीर धरावा.

तिसरा अडथळा आपल्याच डोळ्यांचा असतो. चाळिशीच्या आसपास जवळचे बारीक अक्षर वाचणे कठीण होऊ लागते आणि जुन्या स्वस्त आवृत्त्यांचा टाइप तर बहुधा बारीकच असतो. दहा पानांनंतर पुस्तक मिटावेसे वाटत असेल, तर आधी दिवा आणि चष्मा तपासावा, मग लेखकाला दोष द्यावा.

आठवणीवर विसंबणे

साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी माणसाला इतर काळापेक्षा अधिक ठळकपणे आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. त्या वयात वाचलेल्या कादंबरीला त्या वर्षांचेही श्रेय मिळून जाते. म्हणून पुस्तक उघडण्यापूर्वी त्याविषयी जे आठवते ते चार ओळींत लिहून ठेवावे: मुख्य पात्रे, शेवट आणि एखादा प्रसंग. वाचून झाल्यावर ताडून पाहिले, तर आपल्याला प्रिय असलेला प्रसंग मुळात पुस्तकात नाहीच, तो तिच्यावर बेतलेल्या चित्रपटातला आहे, असेही आढळते.

आवड बदलली म्हणजे कादंबरी उणी ठरली असे नव्हे. पूर्वी बंडखोर मुलाची बाजू पटली होती आणि आता त्याच्या आईची पटते आहे, असे झाले, तर माझ्या मते ती कादंबरी ठेवण्याचे याहून चांगले कारण नाही. जुन्या लेखनातले स्त्रियांविषयीचे किंवा जातीविषयीचे उल्लेख आज खटकतात. तिथे पूर्वग्रह पात्राचा आहे की लेखकाचाही, हे पाहून मग ठरवावे.

प्रतीची चुकीची पारख

पिवळेपणा हे पुस्तक काढण्याचे कारण नव्हे. लाकडाच्या लगद्याच्या कागदातले लिग्निन हे लाकडातलेच द्रव्य प्रकाशाने आणि हवेने पिवळे पडते. तेवढ्याने वाचनाचे काही बिघडत नाही. पानाचा कोपरा हलकेच वाकवताच त्याचा तुकडा हातात आला, तर मात्र ती प्रत फार वाचने सोसणार नाही आणि कादंबरी हवी असल्यास दुसरी प्रत शोधावी लागेल. तसे करताना नवी आवृत्ती संक्षिप्त तर नाही ना, आणि अनुवाद असेल तर अनुवादक तोच आहे का, हे आतल्या पानावर पाहून घ्यावे.

कुबट वासासाठी पुस्तके कडक उन्हात ठेवू नयेत. उन्हाने कागद अधिक ठिसूळ होतो आणि मुखपृष्ठ विटते. ती सावलीत, वारा लागेल अशा जागी उभी उघडून ठेवावीत. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टीही लावू नये, कारण काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तिच्या गोंदाचा तपकिरी डाग तेवढा अक्षरांवर उरतो.

ओळीने वाचत सुटणे

एकामागून एक कादंबऱ्या संपवत गेले की चौथ्या-पाचव्या पुस्तकाला अन्याय होतो. मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत किंवा अगदी वेगळ्या प्रकारचे काही वाचावे. निर्णय होत नसेल, तर पुस्तकावर तारखेची चिठ्ठी लावून ते बाजूला ठेवावे. वर्षभरात ते उघडावेसे वाटले नाही, तर द्यायला हरकत नाही. भेट आलेली किंवा स्वाक्षरी असलेली पुस्तके या चाळणीत घालूच नयेत, ती ठेवण्याचे कारण साहित्याबाहेरचे असते.

द्यायची पुस्तके बांधण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक कण्याशी धरून पाने खाली मोकळी सोडावीत, म्हणजे आत राहिलेली पत्रे, पावत्या आणि छायाचित्रे बाहेर पडतील. बुरशी किंवा कसर लागलेली प्रत ग्रंथालयाच्या गठ्ठ्यात घालू नये, कारण ती तिथल्या धडधाकट पुस्तकांनाही लागते.