मृगाआधी लोखंडाची तयारी

द्राक्षबागेची उन्हाळी खरड छाटणी उरकली की मेच्या मध्यापासून मृगापर्यंत, म्हणजे ७-८ जूनपर्यंत, जेमतेम तीन आठवडे हाताशी राहतात. अवजारांची पावसाळी तयारी याच दिवसांत बसवायची. तिची सुरुवात जाम झालेले भाग शोधण्यापासून करा. धुणं एका सकाळीत होतं, ग्रीस तासाभरात भरून होतं. पण गंजाने धरलेल्या आट्यांत तेल उतरायला चार-पाच दिवस लागतात आणि ते दिवस ५ जूनला सापडत नाहीत.

पहिल्या दिवशी फक्त फेरी मारा. ट्रॅक्टरची टॉप लिंक, म्हणजे अवजाराला धरणारी वरची दांडी, दोन्ही बाजूंनी फिरते का, ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या पीटीओ शाफ्टची नळी हाताने आत-बाहेर सरकते का, रोटाव्हेटरच्या मागच्या फळीच्या बिजागऱ्या हलतात का, फवारणीच्या ब्लोअरचे नोझल सुटतात का, ट्रॉलीच्या फाळक्याच्या खिट्ट्या निघतात का, जुन्या डिझेल इंजिनाचं चाक हाताने फिरतं का. जे अडतं तिथे सुतळी बांधा. खडूची खूण धुण्यात जाते.

त्याच वेळी एक हिशोब करून टाका: जाम झालेला बोल्ट वाचवायचा आहे की त्याने धरलेला भाग? रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट मातीत घासून डोक्याला गोल झालेले असतात. त्यांच्यावर तेल आणि वेळ घालवू नका. ग्राइंडरने डोकं कापा, छिन्नीने बोल्ट ठोकून काढा आणि नवा घाला. नवा घेताना डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा किंवा जुन्यावर जो आकडा होता तोच पाहून घ्या. साधा मऊ बोल्ट पहिल्या दगडाला तुटतो आणि सुटलं पातं शेजारचीही दोन घेऊन जातं. याउलट गिअरबॉक्सच्या बिडात बसलेला स्टड असेल, तर तिथे सगळा संयम खर्च करायचा, कारण तो तुटला तर काम लेथवाल्याकडे जातं.

सामान एकाच फेरीत आणा. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीजवळच्या दुकानांत हे सगळं मिळतं: तारेचे दोन ब्रश, एक पितळी तारेचा, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, एक किलो ग्रीस आणि ग्रीस गन, गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचा एक डबा, रेड ऑक्साइड प्रायमर एक लिटर, पेट्रोलियम जेली, कॉपर ग्रीसची छोटी डबी, सहा कोनांचे गोटी पाने. बारा कोनांचा पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. सहा कोनांचा सपाट बाजूंवर जोर देतो, म्हणून या एका कामासाठी तरी तोच हवा. डब्ल्यूडी-४० बऱ्याच घरांत असतंच. त्याच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं. ओल काढायला ते उत्तम, पण त्याचा थर फार पातळ राहतो. चार महिने पावसात टिकेल या भरवशावर कोणतंही अवजार सोडू नका.

आता धुणं. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे पाऊस धो-धो आणि येवला-सिन्नरकडे मोजका, तरी गंज दोन्हीकडे लागतो, कारण अवजारांवर साचलेला क्षार आणि तांबं हा त्यातला मोठा भागीदार आहे. खतांचे क्षार हवेतली ओल स्वतःकडे ओढतात, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड ओलंच राहतं. गंधकाचा थर ओला राहिला तर हळूहळू आम्लासारखा वागतो. बोर्डोचं, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाचं, तर आणखी वेगळं. मोरचूद लोखंडाला लागला की द्रावणातलं तांबं लोखंडावर बसतं आणि त्याच्या बदल्यात लोखंड विरघळतं. द्राक्षवाल्यांना हे ओळखीचं आहे. एक टक्का बोर्डो करताना १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घेतात आणि मिश्रणात विळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. जे विळ्याला होतं तेच ब्लोअरच्या सांगाड्याला होतं, फक्त दिसत नाही. टाकीखालच्या पट्ट्या आणि क्लॅम्पच्या खाचा तिथे आधी पोखरतात. म्हणून टाकीचे पट्टे सोडून खालचा भाग धुवा. साध्या पाण्याने दोनदा, मधे थोडी धुण्याची पावडर घालून, आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. प्रेशरचा फवारा बेअरिंगच्या सीलवर, ग्रीस निपलवर आणि वायरिंगवर धरू नका. पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते.

वाळलं की त्याच संध्याकाळी सुतळी बांधलेल्या जागांना तेल. आधी आट्यांवरचा मातीचा आणि गंजाचा पापुद्रा तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर तेल तोच पितो. घरचं मिश्रण करायचं असेल तर पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल, म्हणजे एटीएफ, आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं. ही दोन एकजीव राहत नाहीत, म्हणून दर वेळी हलवून घ्या. पत्र्याच्या कुपीत ठेवा, कारण ॲसिटोन काही प्लास्टिक आणि रंग विरघळवतं. विडी आणि वेल्डिंगपासून लांब, हे वेगळं सांगायला नको. सकाळ-संध्याकाळ चार-पाच थेंब, आणि प्रत्येक वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सात-आठ हलके ठोके. ठोके महत्त्वाचे आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आट्यांत पाचरीसारखा ठासून बसतो; कंपनाने त्याला बारीक तडे जातात आणि तेल त्या तड्यांतून उतरतं. एकदाच अर्धी बाटली ओतली तर तेल खाली सांडतं, एवढंच.

चौथ्या-पाचव्या दिवशी पाना लावा. आधी किंचित घट्ट करून पाहा. गंजाचं पहिलं बंधन तुटायला दिशा महत्त्वाची नसते आणि घट्ट करताना बोल्टला आधीच सवयीचा ताण असतो. कुरकुर आवाज आला, पाव फेरा सुटला, की लगेच पूर्ण काढायला जाऊ नका. पाव फेरा पुढे, थोडा मागे, तेल, पुन्हा पुढे. सुटलेला गंज पुढच्या आट्यांत जमा होतो. एका दमात ओढलं तर अर्ध्यावर पुन्हा जाम होतो आणि तिथे तुटतो. पाना रबरासारखा लवचीक वाटायला लागला, म्हणजे हात पुढे जातोय पण डोक्याबरोबर खालचे आटे फिरत नाहीयेत, तर तिथेच थांबा. बोल्ट पिळवटतोय. पान्याला लांब पाइप लावण्याची घाई याच क्षणी होते आणि तुटलेले बहुतेक स्टड याच क्षणाचे असतात. पंखा आणि फिरणाऱ्या कटरवर उलटे आटे असू शकतात. जोर लावण्याआधी दिसणाऱ्या आट्यांचा उतार कुठे जातो ते बघून घ्या. टॉप लिंकला एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला उलटे आटे असतातच. दोन्ही टोकं वेगवेगळी सोडवा. मधला पाइप फिरवून दोन्ही एकदम सुटतील, ही अपेक्षा फोल.

तेलाने नाही भागलं तर उष्णता. नट तापवायचा, बोल्ट नाही. २० मिलिमीटरचा नट २०० अंशांनी जास्त तापला की त्याचं भोक साधारण ०.०५ मिलिमीटरने फुलतं, कागदाच्या निम्म्या जाडीइतकं, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. लालभडक करण्याची गरज नाही, ८.८ चे बोल्ट लाल केले की त्यांचा कडकपणा जातो आणि ते पुन्हा वापरण्याजोगे राहत नाहीत. तापलेल्या नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत खेचलं जातं आणि थंड होताना वंगणाचं काम करतं. आधी घातलेलं तेल पुसून घ्या, ॲसिटोनवालं मिश्रण लावलं असेल तर त्या दिवशी आग नकोच. डिझेल टाकी, हायड्रोलिक होज आणि ऑइल सीलजवळ गॅस कटर चालवू नका, आणि जीआयचे म्हणजे जस्त चढवलेले भाग तापवले तर निघणारा पांढरा धूर छातीत घेऊ नका.

तुटलाच तर दोन वाटा. तुकडा वर उरला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. वेल्डिंगची उष्णता आणि नवा नट, दोन्ही मिळून तो बहुधा निघतो. सपाट तुटला असेल तर मध्यावर पंच मारून ड्रिल. आटे परत पाडायचे असतील तर एम ८ ला, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टला, ६.८, एम १० ला ८.५ आणि एम १२ ला १०.२ मिलिमीटरचं ड्रिल. भोक मध्यावरून सरकलं तर बिडाचे आटे जातात. हाताच्या ड्रिलने ते सरळ जाईल अशी खात्री नसेल तर लेथवर न्या.

सुटे भाग गंजातून काढायला आम्लापेक्षा विजेची टाकी बरी, फक्त थोडी तयारी लागते. प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे. १२ व्होल्टच्या चार्जरची ऋण तार भागाला, धन तार जुन्या सळईच्या तुकड्याला. दोघं एकमेकांना टेकू देऊ नका. काही तासांत गंज काळा पडतो आणि ब्रशने निघतो. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करा आणि तारा हलवण्याआधी चार्जर बंद करा. ॲल्युमिनियमचे भाग या पाण्यात घालू नका, ते खातं. वीज नको असेल तर सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅम, रात्रभर; नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच वाळवा. स्प्रिंग आणि कडक बोल्ट आम्लात बुडवू नका, ते ठिसूळ होतात. नोझलची गोष्ट निराळी. ते चुन्याने बसतात, गंजाने नाही. तासभर व्हिनेगरमध्ये ठेवून धुतलं की सुटतात.

वर्षभर बंद असलेलं डिझेल इंजिन जाम असेल तर सेल्फ मारून किंवा ट्रॅक्टरने ओढून ते सोडवायचं नाही. इंजेक्टर काढा, सिलिंडरमध्ये साधारण ५० मिलिलिटर डिझेल आणि एटीएफचं मिश्रण घाला, दोन-तीन दिवस थांबा, मग फ्लायव्हील हाताने पुढे-मागे करा. सुटल्यावर इंजेक्टर बसवण्याआधी इंजिन चार-पाच वेळा पूर्ण फिरवून तेल बाहेर फेकू द्या. आत राहिलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. झिरपलेलं डिझेल खालच्या ऑइलमध्ये मिसळलेलं असतं, तेही बदला.

संरक्षण देताना जागेप्रमाणे माल बदला. नांगराचा फाळ, रोटाव्हेटरची पाती अशा घासून चकचकीत झालेल्या भागांना ग्रीसमध्ये थोडं डिझेल कालवून ब्रशने जाड थर. बरेच जण जळकं ऑइल फासतात. स्वस्त पडतं, पण त्यात इंजिनात तयार झालेली आम्लं असतात, हाताला ते वाईट आणि वेलीच्या बुंध्याशी सांडलं तर मातीलाही. नटबोल्ट परत घालताना आट्यांना कॉपर ग्रीस लावा, मात्र ॲल्युमिनियमच्या भागात साधं ग्रीस, आणि चाकांच्या नटाच्या बैठकीला काहीच नाही. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच जोराला जास्त ताणला जातो, त्यामुळे हात थोडा आखडता घ्या. रंग उडालेल्या पत्र्याला पॉलिश पेपर मारून, धूळ पुसून, त्याच दिवशी प्रायमरचे दोन हात. मेमध्ये हे सोपं आहे. पाऊस पडायला लागल्यावर घासलेल्या लोखंडावर संध्याकाळपर्यंत नारिंगी छटा येते आणि रंग तिच्यावर बसून पुढच्या वर्षी पापुद्र्याने निघतो.

पीटीओ शाफ्ट दोन भागांत ओढून वेगळा करा, नळ्या पुसून ग्रीस लावा आणि परत घाला. सरकत नसलेला शाफ्ट अवजार उचलताना लांबी बदलू शकत नाही. सगळा धक्का गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. हायड्रोलिक सिलिंडरचे रॉड आत घेऊन ठेवा. आत जातच नसतील तर उघड्या भागाला ग्रीस. त्यावर पडलेला एक खड्डा पुढे सीलच कापतो. बॅटरीचे टर्मिनल साफ करून पेट्रोलियम जेली. डिझेल टाकी भरून ठेवा, अर्ध्या टाकीत रात्रीचा दमट हवेचा घाम साचतो. फवारणीचा पंप स्वच्छ पाण्यावर दहा मिनिटं चालवून रिकामा करा. रबरी डायफ्रॅमच्या पंपात डिझेल-रॉकेल घालू नका, रबर फुगतं.

ब्लोअर मात्र पूर्ण बंद राहत नाही, पावसाळ्यात बोर्डोच्या फवारण्या असतातच. त्याला दर फवारणीनंतर त्याच दिवशी धुणं एवढा एकच नियम लावा, आणि सांगाड्याच्या खाचांत पंधरवड्याने ब्रशने ग्रीस.

बाकी अवजारं विटांवर किंवा लाकडी ओंडक्यांवर उचलून ठेवा, मातीवर नको, शेणखताच्या आणि खतांच्या गोण्यांच्या शेजारी तर नकोच. ताडपत्री वरून घाला पण खालपर्यंत गच्च बांधू नका. जमिनीची वाफ आत कोंडली की उघड्यापेक्षा जास्त गंज चढतो. दोन्ही बाजूंनी हातभर हवा खेळू द्या. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी उघडीप पाहून ताडपत्री काढा, टॉप लिंक एक फेरा फिरवा, पीटीओ शाफ्ट सरकवून पाहा, इंजिनाचं चाक हाताने अर्धा फेरा हलवा. पोळ्याच्या सुमारास, फळासाठीच्या गोडी छाटणीची धांदल सुरू होण्याआधी, शेवटची फेरी मारून पात्यांवरचं ग्रीस पुसून टाका, नाहीतर पहिल्याच तासाला त्यात माती चिकटते.