जुनी ऑक्टाव्हिया आरएस बघायला जाताय? आधी बॉनेटवर हात ठेवा

जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती, विकायला दिसली की जीव खालीवर होतोच. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल, वीस व्हॉल्व्ह, १५० पीएस (म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर), पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स आणि वर मागचं अख्खं दार काचेसकट उघडतं, म्हणजे बायकोला 'फॅमिली कार आहे गं' असं सांगता येतं. २००४ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) म्हटलं की लोकांना डिझेलच आठवायचं. युरोपात हीच गाडी १८० पीएसची मिळायची, त्यामुळे कोणी 'आपली १८० वाली आहे' म्हणालं तर गालात हसा आणि कागद मागा.

आता मुद्दा असा की ही गाडी आज वीस वर्षांची आहे आणि तिचा टर्बो चांगला की मेलेला हे मीटरवरच्या किलोमीटरवरून अजिबात कळत नाही, ते कळतं मालकाने ऑइल कधी आणि कुठलं घातलं त्यावरून. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाख-दीड लाख फेरे मारतो, एका बाजूला लालभडक एक्झॉस्ट, आणि मधे त्याला सांभाळायला काय, तर ऑइलचा पातळ थर. जोरात पळवून आणून लगेच चावी फिरवली की तिथलं ऑइल जागच्या जागी जळून कोळसा होतं, मग ऑइलची बारीक नळी चोंदते आणि टर्बो कोरडा फिरतो. म्हणून फोनवर पहिला प्रश्न किंमतीचा नको, ऑइल कुठलं घालता हा विचारा. ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, डब्यावर फोक्सवॅगनचा ५०२ ०० आकडा, असं काही उत्तर आलं तर पुढे बोला. 'मेकॅनिक जे घालेल ते' असं आलं तर किंमत ऐकायच्या आधीच मनात पन्नास हजार कमी करा.

दुसरं फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, कारण इंजिनाची खरी दुखणी गार असताना चालू केल्यावरच दिसतात. एकदा मी सकाळी सातला निघून दोन तास गाडी हाकून एक आरएस बघायला गेलो, गाडी नुकतीच धुतलेली, चकाचक, आणि बॉनेटवर हात ठेवला तर तवा. मालक म्हणे आत्ताच पेट्रोल भरून आणली तुमच्यासाठी. मी चहा प्यायलो आणि परत आलो. खरं म्हणजे बसून तीन तास थांबायला हवं होतं, पण गरम करून ठेवणारा माणूस अजून काय काय लपवेल कोण जाणे.

इंजिन गार असताना ऑइलचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. आत सोनेरी-तपकिरी रंग ठीक, काळा चिकट डांबरासारखा थर असेल तर निघा. कूलंटची टाकी बघा, मूळ कूलंट गुलाबी असतं, कोणीतरी हिरवं मिसळलं की चॉकलेटी राबडी होते आणि ती रेडिएटर नि हीटर दोन्ही चोंदवते. मग चालू करायला सांगा आणि स्वतः मागे सायलेन्सरपाशी उभे रहा. सकाळी थोडी वाफ येणारच, ती विरते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि पांढरा दाट गोडसर वासाचा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट जळतंय, तिथे घासाघीस करत बसू नका.

टर्बो प्रत्यक्ष बघायचा असेल तर ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, आणि मालकाला आधी विचारा. इंजिन गार असताना टर्बोच्या तोंडावरचा हवेचा पाइप काढला की कॉम्प्रेसरचं चाक दिसतं. बोटाने हळूच हलवा, आडवं किंचित हललं तर चालतं, पण आत-बाहेर सरकलं किंवा पाती कडेला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो गेला. पाइपात ऑइलचा हलका ओलसरपणा सगळ्याच जुन्या टर्बोत असतो, त्याला घाबरू नका, ऑइल साचलेलं असेल तर घाबरा.

टर्बोपेक्षाही मला जास्त भीती टायमिंग बेल्टची, म्हणजे पिस्टन नि व्हॉल्व्हचा ताल जुळवणाऱ्या रबरी पट्ट्याची वाटते. बेल्ट तुटला की पिस्टन नि व्हॉल्व्हची टक्कर होते, आणि इथे व्हॉल्व्ह वीस आहेत, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप एकदम बदलल्याचं तारखेचं बिल असेल तरच बदलला असं धरायचं, तोंडी शब्दाला इथे किंमत नाही. जुन्या पंपाचा पंखा प्लास्टिकचा यायचा, तो शाफ्टवरच निसटतो, बाहेरून गळती काही नाही आणि गाडी मात्र तापते. बिल नसेल तर ते काम स्वतःच्या खर्चाने पहिल्याच आठवड्यात करायचं असं धरून भाव करा. ही गाडी कमी चालवतात म्हणून 'बेल्टचे किलोमीटर झालेच नाहीत' असं बरेच जण सांगतात, पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतंच की.

इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी), डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर टर्बोची जास्तीची हवा परत वळवणारा), टेम्परेचरचा सेन्सर, इंजिनवरचे तडकलेले रबरी पाइप ही सगळी या इंजिनाची नेहमीची रडगाणी, स्वस्तात निपटतात, पण भाव पाडायला उपयोगी. हेच १.८ टर्बो गोल्फमध्ये नि ऑडी टीटीतही होतं, त्यामुळे इंजिनाचे पार्ट शोधले की मिळतात. खरी पंचाईत आरएसचा बंपर, सीटा, ट्रिम यांची, म्हणून मी तर म्हणेन थकलेलं इंजिन आणि शाबूत बॉडी परवडली, उलटं नको.

चालवताना म्युझिक बंद, काचा खाली. आधी दहा-पंधरा मिनिटं शांतपणे तापू द्या, काटा ९० वर येऊन चिकटला पाहिजे, हायवेला खाली पडत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडाच अडकलाय. मग मोकळा चढ बघून तिसऱ्या गिअरला २००० आरपीएमपासून पूर्ण दाबा. ओढ एकसलग यायला हवी. मधेच खाडखाड अडखळली तर बहुतेक कॉइल किंवा प्लग, फुस्स आवाज आणि जोर नाही तर कुठेतरी पाइप फाटलाय, आणि पोलिसांच्या सायरनसारखी बारीक शिट्टी चढत गेली तर टर्बोचं बेअरिंग. चौथ्या-पाचव्यात हेच करा, आरपीएम वर आणि स्पीड तिथेच, म्हणजे क्लच संपला. उतारावर गिअरमध्येच पाय सोडा, परत ॲक्सिलरेटर देताना आरशात बघा, निळा ढग दिसला की व्हॉल्व्हचे सील. परत आल्यावर मालक लगेच चावी बंद करतो की मिनिटभर आयडलवर ठेवतो ते न बोलता बघा, सगळी सर्व्हिस हिस्टरी तिथेच कळते.

पॉप-पॉप आवाजाचा बाहेर हवा सोडणारा व्हॉल्व्ह लावलेला असेल किंवा रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेलं असेल तर मूळ पार्ट सोबत मागा. सेन्सरने आधीच मोजलेली हवा अशी बाहेर गेली की पेट्रोल जास्त पडून मिश्रण जाड होतं आणि काळा धूर येतो, आवाज भारी वाटतो एवढंच.

मुंबईची गाडी असेल तर २६ जुलै २००५ आठवा. सांगली-कोल्हापूरची असेल तर २०१९ आणि २०२१ चा पूर. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, कार्पेट उचलून हुंगा. पुढच्या पॅसेंजरच्या पायाशी ओल मात्र पूर न येताही असू शकते, वायपरखालच्या जाळीत पानं अडकतात नि पाणी आत येतं.

एवढं झाल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. सगळे कोड आदल्या रात्रीच पुसलेले असतील तर तीही माहितीच आहे. दुसरी चावी मागा, इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारं कुलूप) असल्यामुळे नुसती नवी चावी पाडून भागत नाही, ती कोड करावी लागते.

कागदात पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण झालंय का आणि आरसीवर कुठवर व्हॅलिड आहे ते बघा, पाच पाच वर्षांचंच मिळतं, आणि पर्यावरण कर भरल्याची पावती. आरसीवर बँकेचं नाव दिसत असेल तर कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या तरी ट्रान्स्फर होऊन आरसी तुमच्या नावावर येईपर्यंत थोडे पैसे हातात राखा, मालक चांगला असेल तर तोच म्हणेल, ठेवा.