पतसंस्थेच्या काउंटरवर पहिल्यांदा बसताना

पैसे घ्यायचे असतील तर आधी रोकड मोजा, मग शिक्का आणि नोंद. द्यायचे असतील तर बरोबर उलटं: सही जुळवा, शिल्लक बघा, नोंद करा, अधिकाऱ्याची सही घ्या, रोकड सगळ्यात शेवटी. संध्याकाळी रोकड जुळत नाही ती बहुतेक वेळा गर्दीत हा क्रम उलटल्यामुळेच.

भरणा सभासदाला दिसेल असा मोजा. चलनावरची आकडी आणि अक्षरी रक्कम, मागचा नोटांचा तपशील, तिन्ही एक हवेत. गड्डीची कागदी पट्टी मोजणी संपेपर्यंत फेकू नका. शंभराऐवजी 99 नोटा निघाल्या, तर ती पट्टी समोर असेतोवरच बोलता येतं. आणि सभासदाने आकडा मान्य केल्याशिवाय त्याच्या नोटा ड्रॉवरमध्ये मिसळू नका. एकदा मिसळल्या की सगळा ड्रॉवर मोजत बसावं लागतं.

रोख ठेव 20,000 रुपयांच्या आतच. ठेवी रोख स्वीकारण्याची बँकांना असलेली सवलत आयकर कायद्यात पतसंस्थेला नाही. आधीची ठेव धरून बेरीज पाहिली जाते, त्यामुळे पंधरा-पंधरा हजारांची दोन चलनं करून काही साधत नाही. दंड ठेवीच्या रकमेइतका होऊ शकतो आणि तो संस्थेवर बसतो. मुदत संपलेली ठेव परत देतानाही व्याजासह रक्कम 20,000 किंवा जास्त झाली की अकाउंट पेयी चेक किंवा खात्यात वर्ग. "आमचेच पैसे, रोख का नाही?" हे रोज ऐकावं लागेल, शांतपणे नियम सांगा.

पिग्मीचा, म्हणजे एजंटकडे रोज थोडे थोडे पैसे भरणारा, सभासद पासबुक घेऊन आला की शिल्लक खात्याशी ताडून बघा. फरक दिसला तर एजंटला फोन लावण्याआधी शाखाधिकाऱ्याला सांगा.

"ठेवीला विमा आहे का?" याला गोलमोल उत्तर नको. 5 लाखांचं विमा संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. बोलताना संस्थेला 'बँक' म्हणायची सवयही सोडा.

दिवसअखेर फरक आला तर पुन्हा नोटा मोजण्याआधी फरकाकडे बघा. 9 ने भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटे पडलेत: 4,650 चे 4,560 झाले की फरक 90. सम रक्कम असेल तर तिच्या निम्म्या रकमेचं व्हाउचर शोधा, जमेची (क्रेडिट) नोंद नावे (डेबिट) पडलेली असू शकते. तरी सापडलं नाही तर फरक त्याच दिवशी लेखी नोंदवा. पदरचे घालून जुळवलंत, तर रोकड बरोबर दिसेल, पण कुणातरी सभासदाचं खातं चुकलेलंच राहील.