कुमारवयीन मुलाचा स्वभाव आणि आत्मसन्मान यांतील फरक पालकांनी कसा ओळखावा

मूल पाहुण्यांसमोर येत नाही किंवा वर्गात हात वर करत नाही, एवढ्यावरून त्याच्या मनात स्वतःविषयी कमीपणा आहे असा निष्कर्ष काढू नये. अबोलपणा हा स्वभाव झाला. आत्मसन्मान म्हणजे आपल्या मोलाविषयी आपणच मनाशी बाळगलेले मत. बहिर्मुख आणि भावनिकदृष्ट्या स्थिर व्यक्तींचा आत्मसन्मान सरासरीने अधिक असल्याचे अभ्यासांत आढळते, हे खरे. परंतु सरासरीवरून एका मुलाचे निदान होत नाही, आणि बडबड्या, सगळ्यांना हसवणाऱ्या मुलाकडे तर या बाबतीत हमखास दुर्लक्ष होते.

फरक ओळखण्यासाठी अपयशानंतरचे बोलणे लक्षपूर्वक ऐकावे. ‘हे गणित मला जमले नाही’ ही तक्रार गणितापुरती असते. ‘मला काही जमतच नाही’ हे वाक्य निरनिराळ्या निमित्तांनी सतत ऐकू येत असेल, कौतुक झटकून टाकले जात असेल किंवा चुकण्याच्या भीतीने आवडीचे कामही टाळले जात असेल, तर प्रश्न स्वभावाचा राहिलेला नाही. आत्मसन्मान मोजण्यासाठी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेली १० विधानांची मापनश्रेणी आजही संशोधनात वापरली जाते. मात्र पालकांनी ती घरी परीक्षेसारखी घेऊ नये.

स्वभाव बदलण्याचा आग्रह आधी सोडावा. अबोल मुलाला व्यासपीठावर ढकलण्यापेक्षा एका मित्राबरोबर करता येईल असे काम द्यावे. कुमारवयाच्या सुरुवातीला शिस्त आणि जुळवून घेण्याची वृत्ती अनेकांमध्ये काही काळ घटते व पुढे पुन्हा वाढते, त्यामुळे या वर्षांत ‘आळशी’, ‘उद्धट’ असे शिक्के मारणे अन्यायाचे ठरते. खोलीतील पसाऱ्याबद्दल बोलायचे असेल तर पसाऱ्याबद्दलच बोलावे.

कौतुकाच्या बाबतीत पालकांची सर्वाधिक फसगत होते. खचलेल्या मुलाला उभारी यावी म्हणून आपण ‘अप्रतिम! तुझ्यासारखे कोणीच नाही’ असे म्हणतो. पण आत्मसन्मान कमी असलेली मुले अशा अतिरंजित स्तुतीनंतर अवघड कामापासून दूर राहतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे, कारण तेवढी उंची पुन्हा गाठावी लागेल याचे दडपण त्यांच्यावर येते. त्याऐवजी ‘दुसरा परिच्छेद तू पुन्हा लिहिलास, त्यामुळे मुद्दा स्पष्ट झाला’ असे नेमके, खरे आणि मोजके बोलावे. आरशासमोर ‘मी सर्वोत्तम आहे’ असे घोकायला लावण्याचा उपायही अशा मुलांच्या बाबतीत उलटू शकतो; मनाला न पटणारे वाक्य उच्चारताना त्यातली विसंगतीच अधिक जाणवते.

झोप, भूक किंवा मित्रमंडळींत मिसळणे यांत झालेला बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर समुपदेशकाची भेट घ्यावी. स्वतःला इजा करण्याचा उल्लेख एकदाही झाला, तर मुलाला एकटे न ठेवता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे.