‘छान आहे’ ऐकून परत येऊ नका

युजर टेस्टिंगला, म्हणजे आपण डिझाइन केलेली वस्तू ती वापरणाऱ्यांच्या हातात देऊन तपासायला निघालेल्या डिझाइनच्या प्रत्येक ज्युनियरला मी आधी हेच सांगते: ‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. निघता निघता सहज म्हणूनही नाही. हे पोर रात्र रात्र जागून मॉडेल घेऊन आलंय, हे समोरच्याला दिसतं. तो ‘छान आहे’च म्हणणार. तो खोटं बोलत नसतो, तुमचं मन राखत असतो. आणि आपण तेच वाक्य अवतरणचिन्हांत घालून काम तपासणाऱ्या ज्युरीपुढे ठेवतो.

या ‘छान’नं मला फार छळलंय, म्हणून सविस्तर लिहिते. समजा, तुम्ही वयस्कर माणसांसाठी औषधांची डबी केली आहे. ती आजींच्या हातात देऊन ‘हे बटण दाबलं की संध्याकाळचा कप्पा उघडतो, बघा किती सोपं!’ म्हणालात, की चाचणी तिथंच संपली. उत्तर तुम्हीच सांगून टाकलंत. त्याऐवजी एवढंच म्हणा, ‘संध्याकाळची गोळी घेऊन झाली आहे का, ते यात बघून सांगाल?’ आणि गप्प बसा. आजी डबी उलटी धरतील, झाकण नखानं उचकटू पाहतील, मग तुमच्याकडे बघतील. तुमचा हात आपोआप पुढे जाईल. तो मागे घ्या. ‘हे दाबायचं का?’ असं त्यांनी विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच. नख कुठे लागलं, किती वेळ थांबल्या, काय पुटपुटल्या, सगळं लिहून घ्या. तुम्हाला हवी असलेली माहिती या अडखळण्यातच आहे.

मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायला सांगायचं, ही थिंक अलाउड पद्धत तुम्हाला माहीत असेलच. क्लेटन लुईस यांनी आयबीएममध्ये असताना १९८२ मध्ये ती इंटरफेस, म्हणजे माणूस यंत्र ज्यातून हाताळतो तो भाग, तपासायला वापरण्याबद्दल लिहिलं. फक्त सुरुवातीला एक वाक्य विसरू नका: ‘परीक्षा या डबीची आहे, तुमची नाही.’ नाहीतर माणसं चुकायच्या भीतीनं गप्प होतात.

‘शंभर जणांचा सर्व्हे करा’ म्हणणारे गाइड भेटतील. त्यांचं ऐकून घ्या, पण घाबरू नका. वस्तू वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणाऱ्या निल्सन आणि लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी कळतात आणि पाच जणांत साधारण ८५ टक्के. म्हणून एकदम पंधरा जणांकडे जाण्यापेक्षा पाच जणांकडे जा, सुधारणा करा, मग पुढचे पाच गाठा. हे आकडे सरासरीचे आहेत, तुमच्या कामाची हमी नव्हेत. शिवाय ते पाच खरोखर त्याच गटातले हवेत. डबी आजी आणि त्यांना औषध देणारी सून अशा दोघींसाठी असेल, तर दोन्ही गटांतली माणसं वेगवेगळी शोधावी लागतात.

हॉस्टेलमधल्या मित्रांवर टेस्टिंग उरकणं मला अजिबात पटत नाही. विशीतली बोटं थरथरत नाहीत, डोळ्यांना बारीक अक्षरं दिसतात. त्या मित्रांवर तुमच्या प्रश्नांची रंगीत तालीम करा, तेवढ्यापुरते ते उत्तम.

आकडा हवाच असेल तर जॉन ब्रुक यांची १९८६ मधली सिस्टीम युजेबिलिटी स्केल वापरा; वस्तू वापरायला किती सोपी वाटली हे मोजणारी ही प्रश्नावली, दहाच विधानं आहेत. गुण शंभरपैकी येतात, पण ती टक्केवारी नव्हे. ६८ च्या आसपास सरासरी धरतात, त्यामुळे ७० आले म्हणून ‘डिस्टिंक्शन’ समजू नका. कुठे बिघडलंय हे मात्र ती सांगत नाही, त्यासाठी तुमची वहीच उघडावी लागते.

आणि फिनिश केलेल्या मॉडेलची वाट पाहू नका. पुठ्ठ्याची डबी घेऊन या आठवड्यातच जा. कच्चं मॉडेल दिसलं की लोक मोकळेपणानं खोट काढतात, आणि तुम्हालाही ते कापून बदलताना जड जात नाही. व्हिडिओ घेणार असाल तर आधी परवानगी घ्या, चेहरा नको म्हणाले तर फक्त हातांचा घ्या. डबीसाठी तेवढा पुरतो.