डॅकिरी: रम, लिंबू, साखर

डॅकिरी हे क्यूबातल्या सांतियागोजवळच्या एका खाणगावाचं नाव. 1898 च्या सुमारास तिथल्या जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकन खाण अभियंत्याने त्याच नावाचं हे रमचं कॉकटेल रूढ केलं, असं मानतात. रम मळीची. कोल्हापूरकरांना मळी काय ते सांगायला नको!

एका ग्लासाला पांढरी रम 60 मिली, कागदी लिंबाचा ताजा रस 25 मिली (साधारण दोन लिंबं), साखरेचा पाक 20 मिली. पाक म्हणजे साखर आणि पाणी समभाग, विरघळेपर्यंतच गरम करून थंड केलेलं. तार येऊ द्यायची नाही. कोरडी साखर थेट घातली तर थंड रममध्ये विरघळत नाही, तळाशी कचकच राहते. बाटलीबंद रस तर नकोच, कडवट लागतो.

शेकर (कॉकटेल हलवायचं झाकणाचं भांडं) नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाची बरणी चालते. ती मोठ्या, टणक बर्फाने भरा, रम, रस, पाक ओता आणि 10-12 सेकंद जोरात हलवा. बारीक, ओला बर्फ लगेच वितळतो, पेय पाणचट होतं. फ्रीजरमध्ये गार केलेल्या ग्लासात चहाच्या गाळणीने गाळा. फार आंबट लागली तर पाक 5 मिलीने वाढवा, रम नाही.

आपला गूळ वापरायचाय? जरूर, पण पाक फडक्यातून गाळून घ्या. रंग मातकट येतो, किंचित खारट चव उतरते. पांढऱ्या रमपेक्षा काळी रम त्याला जास्त पेलते.