परभणीच्या लाईटीवर पीअरकॉइनचं स्टेकिंग

स्टेकिंग म्हणजे आपले क्रिप्टो कॉइन जागेवर ठेवून, चालू मशीननं नेटवर्कचे व्यवहार तपासायचे आणि बदल्यात थोडे नवे कॉइन मिळवायचे. त्यासाठीचा बोर्ड, म्हणजे छोटा संगणक, घेण्याआधी कॉइन ठरवा. इथेरियमचा स्वतःचा व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहार तपासणारं मशीन, उभा करायचा तर त्याचे ३२ कॉइन (इथर) लागतात, वर मशीन बंद पडलं की थोडाथोडा दंड कापला जातो. परभणीत लाईट जाणार नाही असं लिहून देणारा मला अजून भेटायचाय, म्हणून माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात पीअरकॉइन चालतं, २०१२ सालापासूनचं. मशीन बंद राहिलं तर संधी हुकते, गाठीचं काही जात नाही. ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची वही, लहान; ४ जीबी रॅमच्या रास्पबेरी पाय ४ या बोर्डाला (पुढे नुसतं ‘पाय’) सहज पेलते. कमाईवर मात्र डोळा ठेवू नका, ही हौसच आहे. विकून नफा झाला तर ३० टक्के कर भरावा लागतो, तेही ध्यानात असू द्या.

इन्स्टॉलचं फार कौतुक नाही. ६४ बिटची हलकी ओएस टाका, पीअरकॉइनच्या वॉलेटची अधिकृत एआरएम बिल्ड (पायच्या प्रोसेसरसाठीची फाइल) उतरवून चेकसम, म्हणजे फाइल अस्सल असल्याचा आकडा, जुळवा आणि ब्लॉकचेन पूर्ण उतरू द्या. डेटा एसएसडीवरच ठेवा. एसडी कार्डावर लिहिणं चालू असताना लाईट गेली की कार्ड कामातून गेलं समजा.

खरी मेहनत बॅटरीची. १२ व्होल्ट ७ एएचची यूपीएसवाली बॅटरी घ्या, तिला फ्लोट चार्जर (भरल्यावरही बॅटरी सांभाळून भरलेली ठेवणारा) लावा आणि प्लसच्या टर्मिनलजवळच फ्यूज बसवा. पायसाठी ५ अँपिअरचा बक कन्व्हर्टर, म्हणजे १२ व्होल्टचे ५ करणारी पट्टी. व्होल्टेज लोड न लावता मोजू नका. पाय आणि एसएसडी चालू ठेवून, थेट पायच्या टोकाशी मल्टिमीटर धरा आणि कन्व्हर्टरचा स्क्रू फिरवत ५.१ व्होल्टवर थांबवा. वायर बारीक असेल तर मध्येच व्होल्टेज पडतं, आणि ४.६३ च्या खाली पाय कुरकुरायला लागतो. राऊटरही याच बॅटरीवर घ्या, पण त्याला १२ चा वेगळा रेग्युलेटर द्या, कारण चार्जिंगवर बॅटरी साडेतेराच्या पुढे जाते.

राऊटरचा आग्रह उगाच नाही. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाईट आल्यावर पाय आधी उठला आणि नेट मागाहून आलं, तर त्याची वेळ मागचीच राहते, आणि स्टेकिंग सगळं वेळेच्या शिक्क्यावर चालतं. म्हणून वॉलेट आपोआप सुरू करणारी सर्व्हिस लिहिताना घड्याळ जुळल्याशिवाय वॉलेट सुरू होणार नाही अशी अट घाला. डीपी जळून दोन-दोन दिवस अंधार असतो तेव्हा बॅटरीही हात टेकते, मग हीच अट कामाला येते.

मे महिन्यात पारा ४२ वर गेला की पत्र्याखाली पाय ठेवू नका. ८० अंशांना तो आपसूक मंदावतो. कूलरच्या तोंडाशीही नको, ओल धरते. धातूची केस आणि छोटा पंखा पुरे.

वॉलेटला पासवर्ड घाला, बॅकअप दोन पेनड्राइव्हवर घ्या आणि वॉलेट ‘फक्त मिंटिंग’पुरतं, म्हणजे स्टेकिंग चालेल पण कॉइन पाठवता येणार नाहीत असं, उघडा. कॉइन ३० दिवस जागचे हलवू नका, नाहीतर मोजणी पहिल्यापासून. आणि एक, रीस्टार्ट झालं की वॉलेट पुन्हा कुलूपबंद होतं. प्रोग्राम चालू दिसतो, स्टेकिंग बंद असतं. पासवर्ड फाइलीत लिहून ठेवण्यापेक्षा लाईट आली की मोबाईलवरून लॉगिन करून हातानंच उघडत जा.